विसाव्यावर उठून बसलेले वामनराव

वामनराव कंडक्टर वारले हे मी घरात येऊन सांगितलं, तेव्हा माझी बायको कांता भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आता खरंच का?"

असा संताप आला मला! पण तिचं तरी काय चुकलं? त्या सकाळी निम्म्या गावानं हेच विचारलं. कारण आमच्या गावानं वामनरावांना एकदा आधीच स्मशानापर्यंत पोचवलं होतं. तिरडीवर बांधून, गुलाल उधळून, पुढे मडकं धरून. तेव्हा ते धडधाकट जिवंत होते, आणि खांदा देणाऱ्या चौघांत पुढचा डावा मी होतो. पुण्याच्या एका बँडच्या गाण्याचा व्हिडिओ होता तो. बँडचं नाव 'तिसरं फाटक', गाण्याचं नाव 'खांदा'. लग्नाच्या वरातीत, जिममध्ये, टपरीवर, कुठं ना कुठं तुमच्याही कानावर ते आदळलंच असेल. त्यात पांढऱ्या कापडातला जो लांब नाकाचा म्हातारा दिसतो, डोळे मिटलेला, नाकात कापूस, तेच आमचे वामनराव.

पौषातल्या त्या सकाळी मी त्यांना दुसऱ्यांदा खांदा दिला. विसाव्याच्या दगडापाशी तिरडी टेकवायची असते, मागच्यांनी पुढे आणि पुढच्यांनी मागे यायचं असतं. आम्ही न थांबता तसेच पुढे निघून गेलो. पन्नास-साठ पावलं गेल्यावर कोणीतरी म्हणालं, "अरे, विसावा राह्यला!" तिथून मागे फिरता येत नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मागच्या वेळी याच दगडापाशी वामनराव तिरडीवर उठून बसले होते आणि आम्हाला फैलावर घेतलं होतं. या वेळी ते उठले नाहीत.

बावीस वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. मेहकर डेपोची लोणार-बीबीची गाडी, मी चालवायला आणि वामनराव मागे. डायवर-कंडक्टरची जोडी म्हणजे दुसरं लग्नच असतं. घरच्या बायकोपेक्षा जास्त तास मी त्या माणसाची घंटी ऐकत काढले. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "ओ डायवर," बस्स. मी त्यांना वामनराव म्हणायचो, आणि फार डोक्यात गेले की "ओ नियमवाले".

कारण दर दुसऱ्या वाक्यात तो शब्द. नियमानं. पिंपळाखाली गाडी उभी करायला सांगितली की "थांबा तो नाही, नियमानं थांबा फुडं हाय." कोंबडीचं तिकीट नियमानं. चिल्लर नसली तर तिकिटाच्या मागे लिहून देणं नियमानं. इस्त्रीची खाकी, खिशाला दोन पेनं, आणि भर उन्हाळ्यात वरचं बटण लावलेलं. मी एकदा म्हटलं, "वामनराव, उकडत नाई का बाप्पा?" तर म्हणाले, "उकडते ना. पन बटन कायले देल्लं हाय?"

त्यांची पोरगी अश्विनी. एकुलती एक. ज्या दिवशी तिला पाच वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी ती आईसोबत आमच्याच गाडीनं मामाकडे निघाली होती. वामनरावांनी तिच्यापुढे उभं राहून तिचं अर्धं तिकीट फाडलं. काल फुकट, आज अर्धं. पोरगी भोकाड पसरून रडली. तिला वाटलं, बाबा आपल्याला ओळखत नाहीत. तिची आई तर पुढचे चार थांबे नवऱ्याला ऐकवत होती. वामनराव शांतपणे म्हणाले, "आज ते मोठी झाली. तिच्या मोठं होन्याची नोंद झाली, रडाचं काय त्याच्यात?" ते तिकीट अश्विनीनं अजून ठेवलंय, तिनंच मला दाखवलं.

असा हा कोरडा माणूस. पण तोंड उघडून गायला लागला की ऐकणारा चाट पडायचा. थांब्यांची नावंसुद्धा ते लांबवून, सुरात पुकारायचे. आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत लग्न म्हटलं की मंगलाष्टकं वामनरावांची. भटजी पोथी घेऊन बाजूला उभा असायचा आणि माईक यांच्या हातात. शेवटचं अष्टक ते स्वतः रचायचे, त्यात नवरा-नवरीची नावं, आईबापांची नावं, दोन्ही गावं, झालंच तर विहीर, मळा, वांग्याचा वाफा, सगळं गुंफलेलं. आमच्याकडे माळवं पिकवणारी माणसं. आपल्या मळ्याचं नाव माईकवरून गाण्यात आलं की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. याचे पैसे ते घेत नसत. घ्यायचा तो एक नारळ. त्यांच्या घरी नारळांचा ढीग असायचा.

एक किस्सा सांगतो. आम्ही तेव्हा काही दिवस डोणगावच्या गाडीवर होतो. वाटेतल्या एका गावात थांब्याला लागूनच मांडव. अंतरपाट धरलेला, आणि अष्टकं म्हणणारे गुरुजी आलेलेच नाहीत. नवरीचा बाप धावत गाडीजवळ आला, हात जोडले, "वामनराव, उतरा जी दोन मिनटं!" वामनराव म्हणाले, "डुटीवर उतरता येत नाई." बापाचा चेहरा पडला. तशी वामनरावांनी घड्याळ पाहिलं. "इथं दोन मिनटाचा थांबा हाय नियमानं. बंद करा डायवर गाडी." आणि फूटबोर्डावर उभं राहून, एका हातानं दांडी धरून, माईक-बिईक काही नाही, त्यांनी अष्टकं सुरू केली. मांडव गप्प, गाडी गप्प. दोन मिनिटांत पाच अष्टकं बसवली, शेवटचं "सावधान" म्हटलं आणि त्याच हातानं डबल घंटी मारली. मी गाडी काढली. मांडवातल्या अक्षता खिडक्यांतून आत आल्या. पुढे मेहकरपर्यंत सिटांखाली तांदूळ करकरत होते.

अश्विनी बारा वर्षांची असताना एकदा ते मला म्हणाले, "डायवर, पोरीचं अष्टक बसवलं बरं का." मी म्हटलं, म्हणून दाखवा. "आत्ता? वेडे झाले का? त्याले मुहूर्त हाय." वहीत लिहिलंय का, विचारलं. तर नाही. बाकी सगळ्या जगाची अष्टकं वहीत, पोरीचं डोक्यात. दरवर्षी त्यात एखादा शब्द बदलायचे. गाडी घाटाला लागली की मागे त्यांचे ओठ हलताना मला आरशात दिसायचे, आवाज नसायचा. पुढे बायको गेली, त्या वर्षी म्हणाले, "अष्टकात तिच्या मायचं नाव होतं. ते तसंच ठिवतो. गेली तरी माय ते मायच." एवढंच काय ते वामनरावांनी आयुष्याकडे स्वतःसाठी मागितलेलं मला माहीत आहे. पोरीच्या लग्नात उभं राहून ते अष्टक म्हणायचं.

आम्ही दोघं वर्षभराच्या अंतरानं रिटायर झालो. त्याच्या दुसऱ्या दिवाळीनंतर तो बँड आला. सोयाबीन निघालं होतं, रानं मोकळी होती. लोणारच्या तळ्यात उतरून चित्रीकरण करायची परवानगी त्यांना मिळाली नाही, म्हणून तळं लांबून दिसेल अशी जागा शोधत ते आमच्या गावच्या रस्त्याला लागले. त्यांची डायरेक्टर म्हणजे ईशा नावाची एक चुणचुणीत पोरगी. बीबीच्या एका लग्नात तिनं वामनरावांना अष्टकं म्हणताना पाहिलं आणि मांडवातच त्यांच्या पायाशी बसली. "काका, आमच्या गाण्यात तुम्ही हवेच आहात."

गाण्यात आहात म्हटल्यावर माणसानं काय समजावं? वामनरावांनी तीन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. दही बंद, लोणचं बंद. मला म्हणाले, "पुन्याची पोरं हायेत, पन आवाज वयखता येते त्याईले."

चौथ्या दिवशी स्मशानाच्या रस्त्यावर गेलो तर सोयाबीनच्या धसकटात ढोल मांडलेले, वायरी पसरलेल्या, आणि काळा गॉगल लावलेला गाणारा पोरगा मुलाखत दिल्यासारखा उभा. ईशानं वामनरावांना कापड दाखवलं. "काका, तुम्ही झोपायचं फक्त. बाकी आम्ही बघतो."

"अन् गानं?"

"गाणं झालंय रेकॉर्ड. तुमचा चेहराच इतका बोलतो की आवाजाची गरजच नाही."

मला वाटलं, आता हा माणूस तडक घरी जातो. खरंच गेले असते. शपथ घेऊन सांगतो, पाय वळले होते त्यांचे. तेवढ्यात त्यांची नजर त्या पोरांनी आणलेल्या तिरडीवर गेली. दुकानातून आणलेली शिडी आणि तिला प्लास्टिकची फुलं. वामनराव थांबले.

"हे काय हाय?"

"तिरडी, काका."

"हे तिरडी हाय? हे तर चुना माराची शिडी हाय! हिरवे बांबू पायजेत. कडबा पायजे. कोनं शिकवलं तुमाले?"

झालं! तिथं तो माणूस फसला. अर्ध्या तासात त्यांनी गावातून हिरवे बांबू मागवले, कडबा मागवला आणि स्वतःची तिरडी स्वतः उभं राहून बांधून घेतली. मडकं एका बँडवाल्याच्या हातात दिलं होतं. वामनराव म्हणाले, "मले पोरगा नाई. नियमानं पुतन्या धरते," आणि पुतण्याला, गजाननला मळ्यातून बोलावून घेतलं. गुलाल कमी होता, तो आणवला. ईशा तर खूश! तिला असं खरंखुरं कुठं मिळालं असतं? आणि आम्ही गाववाले, आम्ही हसत होतो. मी स्वतः हसत होतो. मग ते आडवे झाले, त्यांना बांधलं, चौघांनी उचललं, आणि दहा पावलांत सगळ्यांचं हसू थांबलं. आम्हाला तिरडी खोटी उचलता येत नाही हो. खांद्यावर बांबू आला की पाय आपोआप तसे पडतात. मागून बायका बघायला आल्या होत्या, त्यातल्या दोघी खऱ्याच रडायला लागल्या.

विसाव्याचा दगड आला. ईशा ओरडली, "थांबू नका, चालत रहा!" आम्ही चालत राहिलो. आणि तिरडीवरून आवाज आला, "थांबा!" कापूस काढून, दोऱ्या सैल करून वामनराव उठून बसलेले. "अकला गाहान ठिवल्या का बे? विसावा घ्या ना! खाली ठिवा. मागचे फुडं या. गज्या, मडकं खाली टेकवू नको!"

सगळे खो खो हसले. ईशा पळत आली आणि हात जोडून म्हणाली, "काका प्लीज, मेलेला माणूस बोलत नाही ना."

"बरं बरं," म्हणाले, आणि परत आडवे झाले. आम्ही विसावा घेतला. दगडाखाली दाणे ठेवले. मागचे पुढे आले. व्हिडिओत तो तुकडा आहे, संथ केलेला, आणि तिथंच ढोल वाजायला लागतात. लोक म्हणतात, गाण्यातली सगळ्यात भारी जागा ती.

सरणाच्या जागेपर्यंत नेलं आणि शूटिंग संपलं. बँडनं सगळ्यांना चहा-बिस्कीट दिलं, वामनरावांना एक काळा टी-शर्ट दिला, पाठीवर बँडचं नाव. परत येताना गंमत बघा. कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही, आम्ही सगळे सवयीनं विहिरीवर गेलो, अंगावर पाणी घेतलं, कडुलिंबाची पानं तोंडात टाकली आणि घरी निघालो. वामनराव रस्त्यात एकटेच उभे, कपाळाला गुलाल.

"अन् मी? मी काय करू?"

पुन्हा सगळे हसले. मीच म्हणालो, "तुम्ही कायले काय करता? तुम्ही तर मेले!" मी म्हणालो हे. आता जीभ कापून टाकावीशी वाटते. त्यांनी मात्र तो प्रश्न खराच विचारला होता. खांदेकऱ्यानं काय करायचं याचा नियम त्यांना पाठ होता. तिरडीवरून उतरून आलेल्यानं काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं.

गाणं आलं आणि सुसाट सुटलं. पहिले दोन महिने वामनराव गावात हिरो. अश्विनी तेव्हा मेहकरला लॅबमध्ये कामाला होती, तिनं तो व्हिडिओ मोबाईलवर स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'माझे बाबा'. लोणारला तळं बघायला आलेले लोक वाट वाकडी करून आमच्या गावात यायचे, विसाव्याच्या दगडाचे फोटो काढायचे.

मग लग्नसराई लागली. पहिल्याच लग्नात वामनरावांनी माईक हातात घेतला आणि नवऱ्याकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवं माय! हा तर मेला होता ना?" लोक हसले. वामनरावही हसले, अष्टकं म्हटली. चौथ्या दिवशी त्या नवरीचा आजा वारला. नव्वदीचा म्हातारा, दोन वर्षांपासून खाटेवर, डॉक्टरनं कधीच हात टेकलेले. पण बोलणाऱ्यांना तेवढं पुरलं.

त्यानंतर कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. आमच्याकडे माणूस मारायचा तर तोंडावर बोलून मारत नाहीत. "यंदा पेन ड्राइव्हवर हायेत अष्टकं, वामनराव, तुमाले कायले तरास?" असं म्हणायचे. दुसरा म्हणायचा, "घरचंच बारकं लग्न हाय." मग पत्रिका यायची पण माणूस बोलवायला यायचा नाही. पुढे पत्रिकाही थांबल्या. नारळांचा ढीग होता तो संपला.

वामनराव भांडले. नियमानं भांडले. पारावर बसून त्यांनी मुद्दा मांडला, "डोक्याले कावळा शिवला तर आपन काय करतो? मेल्याची खोटी खबर धाडतो सोयऱ्यायले. ते रडतात, दोष जाते, आयुष्य वाढते. हाव का नाई? मग माह्यं खोटं मरन तुमाले काऊन खुपते?"

खरा मुद्दा होता. शेवटी गजानन, त्यांचाच पुतण्या, खाली बघत म्हणाला, "काका, तथी नुसती खबर रायते. तिरडी नसते बांधत. तुमची तं यात्रा सगळी बरोबर झाली. विसावासुद्धा झाला."

"मग आता सांगा, ते उलटं कसं कराचं?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. लोणारच्या भटजींकडे मी त्यांना माझ्या गाडीवर घेऊन गेलो. भटजी भला माणूस, पोथ्या चाळल्या, म्हणाला, "वामनराव, खोटं सांगून तुमच्याकडून पूजा करवून घेता येईल. पण जिवंत माणसाची हौसेनं अंत्ययात्रा काढली तर काय करायचं, असा विधी मला तरी कुठं दिसत नाही." गावात उतरताना वामनराव एवढंच म्हणाले, "नियमच नाई, डायवर." दुसऱ्या कोणी हे वाक्य म्हटलं असतं तर मी हसलो असतो.

मग माझ्या फोनवरून त्यांनी ईशाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. ती आनंदानं ओरडलीच, "काका! अहो, तुम्हाला कल्पना नाही, लोक वेडे झालेत तुमच्यावर!"

"बाई, त्याच्यातून मले काढता येईन का?"

"म्हणजे?"

"माह्यं तोंड. पोरीचं लगन जमून राह्यलं."

ती फार गोड बोलली. म्हणाली की आता ते आमच्या हातात नाही, सगळीकडे गेलंय, आणि लोक काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका, पुढच्या गाण्यात तुमच्याकडून नक्की गाऊन घेऊ. ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिला वाईट वाटलंही असेल, संध्याकाळपर्यंत. पुढचं गाणं समुद्रावर झालं म्हणतात.

अश्विनीचं लग्न जालन्याकडे जमलं. मुलगा चांगला, घर चांगलं. बोलणी पक्की झाली तेव्हा मुलाच्या मोठ्या मामांनी गजाननला बाजूला घेऊन सांगितलं, आमची काही अट नाही, मानपान नाही, फक्त अष्टकं तेवढी यांनी म्हणायची नाहीत. वामनरावांना बायको नाही म्हणून कन्यादानाला गजानन आणि त्याची बायको बसणार हे आधीच ठरलं होतं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, ते नियमानंच होतं. त्यांचं म्हणून एकच उरलं होतं, ते अष्टक. गजाननला सांगायची हिंमत झाली नाही. त्यानं मला पुढे केलं.

मी सांगितलं. बावीस वर्षं मी त्या माणसाला आरशात पाहिलं होतं, समोर बसून बघवेना. त्यांनी विचारलं, "अश्विनीले मालूम हाय?"

"हाव. ते लगन मोडते म्हनते."

"मोडाचं काम नाई. सांगा तिले, बाबाचा घसा बसला."

लग्नाच्या दिवशी त्यांनी खाकी सोडून पहिल्यांदा पांढरा सदरा घातलेला मी पाहिला. वरचं बटण लावलेलं. मांडवात चारशे-पाचशे माणूस, निम्मं आमचं. अंतरपाट धरला, पेन ड्राइव्हवरची अष्टकं सुरू झाली, कुठल्यातरी शहरातल्या बाईचा गोड आवाज. दुसरं अष्टक निम्म्यावर आलं आणि लाईट गेली.

सगळा मांडव एकदम शांत. मुठीत अक्षता. मुहूर्ताला चार-पाच मिनिटं उरलेली. आणि काय सांगू तुम्हाला, बघता बघता आमच्या गावाच्या सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या रांगेत, माझ्या शेजारी वामनराव बसले होते. अंतरपाटाच्या मागून अश्विनीचा आवाज आला, स्पष्ट, "बाबा, म्हना ना."

वामनराव उठले. माईकची गरज त्यांना कधीच नव्हती. मी त्यांच्या गळ्याची शीर हललेली पाहिली, श्वास आत घेतलेला ऐकला. तेवढ्यात मामांनी स्टेजवरून हात वर केला. "बसा, पाहुणे, बसा. जनरेटर चालू होतोय दोन मिनिटांत."

दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. मुहूर्त टळला. भटजी घड्याळ बघून चुळबुळत होता, मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या, लहान लेकरं रडायला लागली. मुहूर्त गेलेला चालला त्यांना. आणि आम्ही? अडीचशे माणसं आमच्या गावची, ज्यांच्या लग्नात, ज्यांच्या पोरींच्या लग्नात हा माणूस गायला होता, त्यातलं एक माणूस उभं राहून म्हणालं नाही की म्हणू द्या बापाला. मी म्हणालो नाही. खांदा द्यायला पहिला होतो मी. वामनराव हळूच खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर हाय त्याईचं. ते पुन्याची पोरगी म्हनलीच होती, मेलेला मानूस बोलत नाई म्हनून."

जनरेटर आला, लग्न लागलं. मग डीजे सुरू झाला. नवरदेवाकडच्या पोरांनी पहिलं गाणं कोणतं लावलं असेल? 'खांदा'! ढोल घुमले आणि सगळी पोरं नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचली. ते गाणं चाललं हो त्यांना. तोच मामा, दोन्ही हात वर करून नाचत होता, "खांदा द्या रे, खांदा द्या!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वामनराव पंगतीत वाढपी कमी पडत होते म्हणून वाढायला गेले होते. बुंदी वाढत होते.

पुढे एकदा मी त्यांना म्हटलं, आता तरी ते अष्टक ऐकवा. मला एकट्याला. म्हणाले, "त्याचा मुहूर्त गेला, डायवर." वहीत ते नव्हतंच. त्यांच्याबरोबर ते गेलं. अश्विनीनं तेराव्याला मला विचारलं, काका, तुम्ही तरी ऐकलं होतं का? मी नाही म्हणालो, तर ती पुन्हा रडली.

मी त्यांना जिवंत शेवटचं पाहिलं ते, ते वारले त्याच्या आधीच्या महिन्यात, लोणारच्या बसस्टँडवर. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. अंगठे लावून परत आलो आणि बाकावर बसलो. थंडी होती. त्यांनी सदऱ्याच्या आत तो बँडचा काळा टी-शर्ट घातला होता, गळ्यापाशी दिसत होता. मी बघितलेलं पाहून म्हणाले, "गरम हाय कापड."

तेवढ्यात एक जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं, तिच्या हातात हिरवा चुडा, मेंदी अजून लाल. तळं बघून निघाले होते. ती थबकली, नवऱ्याला कोपर मारलं. "काका, तुम्ही 'खांदा'मधले ना? आमच्या लग्नात तेच गाणं होतं! एक सेल्फी प्लीज?"

वामनराव उठून उभे राहिले. दोघं त्यांच्या दोन बाजूंना उभे राहिले, तिनं मोबाईल वर धरला. मग तिनं तो खाली घेतला आणि लाजत म्हणाली, "काका, तसे ना. व्हिडिओत आहात तसे. डोळे मिटा ना."

मी उठणार होतो. खरंच सांगतो, दोन थोबाडीत द्यायच्या इच्छेनं उठणार होतो. वामनरावांनी मला हातानंच थांबवलं. त्यांनी टोपी काढली, सदऱ्याचं वरचं बटण चाचपून पाहिलं, दोन्ही पाय जुळवले, हात छातीवर घेतले. उजवा खाली आला होता, तो काढून वर घेतला. मग डोळे मिटले, आणि ओठ घट्ट बंद केले.